दात्यांच्या यादीतलं नाव

२८ ऑक्टोबर

ती. दादास,
धाकटीचा सा. न. (उभ्यानेच. एकदा वाकले की उठवायला माणूस लागतं.) वि. वि.

पत्र वाचण्याआधी खुर्चीत नीट टेकून बस आणि वहिनीलाही हाक मार, म्हणजे मला दोनदा लिहायला नको. मी चालायला जातेय. दोनशे किलोमीटर, दहा दिवसांत, एकसष्ट माणसांबरोबर. किडनीच्या रुग्णांसाठी काम करणारी इथली संस्था आहे, तिला डायलिसिसचं आणखी एक यंत्र घ्यायचंय. प्रत्येक चालणाऱ्याने ओळखीच्यांकडून किलोमीटरमागे काहीतरी कबूल करून घ्यायचं. ग्रंथालयातल्या सगळ्यांनी कबूल केलंय. आमच्या पुस्तकबांधणी विभागाच्या साहेबांनी तर भला मोठा आकडा टाकलाय, कारण पहिल्याच वळणावरून मी बसने परत येणार याची त्यांना खात्री आहे.

हिला हे काय सुचलं, असं म्हणशील. अरे, छत्तीस वर्षं तू कुणा अनोळखी मेलेल्या माणसाच्या किडनीवर जगतोयस, भांडतोयस, लोकांना चष्मे लावतोयस. त्याच्या घरच्यांनी नाव कळू दिलं नाही, म्हणून आपण कधी आभारही मानले नाहीत. मला ते टोचत राहतं. निदान पायांनी थोडं फेडावं म्हटलं.

माझ्या तब्येतीची काळजी नको. सगळ्यांची तपासणी झाली. डॉक्टरांनी मला विचारलं, अळणी का खाता. मी सांगितलं की एकोणिसाव्या वर्षी एक किडनी नासली म्हणून काढावी लागली, दुसरीही नाजूक आहे, तेव्हापासून पथ्य. त्यांनी अहवाल पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि म्हणाले, उरलेली ठणठणीत आहे, मीठ खा. घरी येऊन उकडलेल्या बटाट्यावर चिमूटभर घातलं. काय सांगू तुला! इतकी वर्षं लोक हे खात होते आणि मला कुणी बोललं नाही.

एक गंमत राहिलीच. चालताना रुग्णांना निळी बंडी, ज्यांनी किडनी दिली त्या दात्यांना पिवळी, आणि आमच्यासारख्या हौशांना पांढरी. नोंदणीच्या बाई मला पिवळीच देत होत्या. जुन्या हॉस्पिटलच्या वहीवरून केलेल्या यादीत म्हणे माझं नाव तिसरं आहे, बाबांच्या नावासकट, वय एकोणीस. मी सांगून दमले की काढलेली आणि दिलेली यात फरक असतो. शेवटी हसून पांढरी घेतली. बाबा त्याच हॉस्पिटलात भांडार सांभाळायचे आणि तिथल्या वह्यांना एवढी नावं ठेवायचे, ते उगाच नव्हे.

तुझा किलोमीटरमागचा आकडा कळव. कंजूषपणा चालणार नाही. वहिनीला नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
धाकटी

---

२ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. वहिनीचा गुडघा थंडीत कुरकुरतो, तीही त्याच्यासारखीच कुरकुरते. काल एक गृहस्थ हरवलेला चष्मा दुकानभर शोधत होते, तो त्यांच्याच कपाळावर होता. हसू आवरून बिल केलं.

आता चालण्याचं. माझं ऐकशील तर जाऊ नकोस. दोनशे किलोमीटर म्हणजे पोरखेळ नव्हे. तू लहानपणापासून नाजूक. एका तपासणीवर विसंबून मीठ खायला लागलीस हे तर मला मुळीच पटलं नाही. डॉक्टर आज एक म्हणतात, उद्या दुसरं. तुझ्या वाटचे दोनशे किलोमीटर मी न चालता भरतो, संस्थेचं नुकसान होणार नाही.

आणि त्या यादीच्या भानगडीत पडू नकोस. त्या हॉस्पिटलच्या वह्या एकदा पुरात भिजल्या होत्या, कुणाचं काय कुठे लिहिलंय याला धरबंध नाही. उगाच कागद मागत बसू नकोस. मेलेल्या माणसांच्या चुका काढून काय मिळणार?

जायचंच असेल तर पहिल्या दोन मुक्कामांनंतर परत ये. मी न्यायला येईन. स्वतःला जप.

तुझा,
दादा

---

१३ नोव्हेंबर, चौथा मुक्काम

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी दोन मुक्कामांची मुदत टळली आणि मी अजून उभी आहे. टाचेला दोन फोड आलेत. संस्थेची गाडी रोज टपाल नेते-आणते, म्हणून हे शाळेच्या बाकावर बसून लिहितेय. बाक पाचवीच्या मुलांचा आहे, गुडघे हनुवटीला लागतात.

आमच्यात एक निवृत्त बसचालक आणि त्यांची बायको आहे. त्यांना किडनी तिनेच दिली. रस्ताभर ती त्यांच्यावर नजर ठेवून असते. त्यांनी उन्हात टोपी काढली की ओरडते, माझ्या मालाची नासाडी करू नका. सगळी रांग हसते. तेही निमूट टोपी घालतात.

आज सकाळी बायकांच्या न्हाणीघरात मी सदरा बदलत होते. तिने माझ्या कुशीवरचा व्रण पाहिला आणि स्वतःचा उघडून दाखवला. पाठीपासून पोटापर्यंत, तसाच, त्याच बाजूला. मग कुणाला दिलीत, असं तिने सहज विचारलं. दिली नाही, नासली होती, असं मी सांगितलं. त्यानंतर ती दिवसभर माझ्या बाजूने चालली आणि एकदाही हसली नाही.

नासलेली काढतानाही तिथेच कापत असतील, नाही का? मी स्वतःला हेच समजावतेय. पण मन ठिकाणावर नाही. संस्थेच्या संचालकांना सांगून माझा जुना कागद मागवलाय, तुझं न ऐकता. तपासणीचे डॉक्टर म्हणाले की स्वतःचा कागद बघायचा हक्क प्रत्येकाला आहे. यादी दुरुस्त झाली की डोक्यातला भुंगा जाईल.

तुझं पत्र मी आज पुन्हा वाचलं. तू इतका का घाबरलायस रे?

तुझी,
धाकटी

---

१५ नोव्हेंबर

दादा,

कागद आला. दुपारी गाडीतून आला. संचालकांनी तो हातात देण्याआधी मला झाडाखाली बसवलं आणि पाण्याचा पेला दिला.

एकच पान आहे. वरच्या अर्ध्यात माझं नाव, वय, रक्तगट. खालच्या अर्ध्यात तुझं. मध्ये एक रकाना आहे, दात्याचं रुग्णाशी नातं. त्यात लिहिलंय, बहीण. तळाला माझी सही आहे. माझीच. तेव्हा मी अक्षराला गिरक्या द्यायचे. बाबांनी ऑपरेशनच्या सकाळी कागद पुढे केला होता, आणि मी पोटावरच्या चादरीवर तो ठेवून सही केली होती. बाबांनी दिलेला कागद कोण वाचतं?

पुराने तो भिजलेला नाही. नवा कोरा असावा तसा आहे.

मी हे पान कितीदा वाचलं ते मोजलं नाही. शब्द कळतात, पण ते आपल्या घरातल्या माणसांबद्दल आहेत हे आत उतरत नाही. त्या आठवड्यात आई तुझ्या खाटेवरून माझ्या खाटेकडे ये-जा करायची आणि रडत म्हणायची, एका घरात दोघांनाही एकाच वेळी कसं रे हे. ती खरंच रडत होती. मी तिचे डोळे पुसले होते.

किडनीचं राहू दे. माझी कधी नासलीच नव्हती. म्हणजे मी आजारी नव्हतेच. कधीच नव्हते. मग मला पोहू का दिलं नाही? ग्रंथ दुरुस्तीच्या कार्यशाळेत दोन वर्षांसाठी निवड झाली होती, तिथली हवा सोसणार नाही म्हणून कुणी नको म्हटलं? आणि कागदगिरणीतला तो, ज्याने दोनदा विचारलं. आईने मला समोर बसवून सांगितलं की मूल झालं तर तू वाचणार नाहीस, आणि त्याला अंधारात ठेवणं पाप आहे. मी स्वतः जाऊन त्याला नाही म्हणून आले. परत आले तेव्हा तू जिन्यात उभा होतास. तू माझ्या पाठीवर हात ठेवलास.

बसचालकांच्या बायकोला दोन मुलगे आहेत. दुसरा किडनी दिल्यानंतरचा. तिने आज सांगितलं, अगदी हळू आवाजात.

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. फोनवर माणूस थांबून थांबून गोड बोलतो. कागदावर लिही. तुला कधी कळलं, एवढंच आधी लिही.

धाकटी

---

१७ नोव्हेंबर

प्रिय ताई,
नमस्कार.

नेहमीसारखं खुशाली विचारून सुरुवात करणार होते, पण जमत नाही. तुमचं पत्र यांनी दुकानातच वाचलं आणि भर दुपारी शटर ओढून आत बसून राहिले. शेजारच्यांनी मला बोलावून घेतलं. यांनी पत्र माझ्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

मला यातलं काही माहीत नव्हतं. हे तुम्ही मानाल का, मला ठाऊक नाही. लग्न ठरताना मलाही तेच सांगितलं होतं, अपघातात गेलेला कुणी अनोळखी माणूस. लग्नाला एकतीस वर्षं झाली. दरवर्षी त्या तारखेला मी त्या माणसाला मनातल्या मनात हात जोडत आले. आणि त्याच दिवशी तुम्ही आमच्याकडे असलात तर मी तुमचं ताट वेगळं, बिनमिठाचं वाढत होते. ताई, मीच वाढत होते.

मी यांना विचारलं, सांगितलं का नाही. म्हणाले, आई-बाबा असेपर्यंत तोंड उघडायचं नाही असं वचन होतं. ते दोघं जाऊन अकरा वर्षं झाली, असं मी म्हटलं. आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतात, पण इथे चावा घेणाऱ्यांनी जखमेला आजार म्हटलं.

मी त्यांना टेबलाशी बसवलंय. लिहून होईपर्यंत जेवण वाढणार नाही असं सांगितलंय. त्यांचं पत्र याच पाकिटात घालते. मी ते वाचलेलं नाही.

तुमची,
वहिनी

---

१७ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

तू विचारलंस, कधी कळलं. मला आधीपासून माहीत होतं. ऑपरेशनच्या आधीपासून.

तुला आठवत असेल, मी यंत्रावर होतो तेव्हा तू रोज कॉलेजातून येऊन गोष्टी सांगायचीस. एकदा मी तुला विचारलं, गमतीत विचारल्यासारखं, की तुझी एक देशील का. तू म्हणालीस, ‘मला दोन्ही लागतात रे, एक रडायला आणि एक हसायला.’ परिचारिकाही हसली. मी हसलो नाही. मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला मरायची भीती वाटत होती. मला वाटलं, हिने नाही म्हटलं.

त्या संध्याकाळी बाबा म्हणाले की तुला नीट विचारू. मीच नको म्हटलं. विचारलं आणि ती नाही म्हणाली, तर पुढे काही करायची सोयच राहणार नाही, असं मी म्हणालो. हे माझे शब्द. आजाराची कल्पना बाबांची, सर्जन त्यांच्या ओळखीचे. पण दार मी उघडलं.

मग आजारी म्हटल्यावर आजारी ठेवावं लागलं. एखाद्या डॉक्टरने तुला नीट तपासलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं, म्हणून कार्यशाळा नको, म्हणून लग्न नको. आई दर वेळी म्हणायची, एवढंच, पुढे सांगू. जिन्यात मी तुला सांगायलाच उभा होतो. तू वर आलीस आणि मी नुसताच तुझ्या पाठीवर हात ठेवला.

माफी मागायला मी तोंड कुठून आणू?

तुझा,
दादा

---

२० नोव्हेंबर

दादा,

तुम्हा दोघांची पत्रं शेवटच्या मुक्कामावर मिळाली. मी चालणं पूर्ण केलं. दोनशे किलोमीटर आणि वर थोडं, कारण एका ठिकाणी मी वळण चुकून सरळच चालत राहिले आणि बसचालक मला हाका मारत मागे धावले.

एक सांगते. ते वाक्य मला आठवत नाही. रडायला एक, हसायला एक. मी रात्रभर डोकं खाजवलं. यंत्र आठवतं, परिचारिका आठवते, तुझे सुजलेले पाय आठवतात. ते वाक्य नाही. तू घाबरलेला दिसायचास म्हणून मी दिवसभर असलं काहीबाही बोलायचे. ज्या बोलण्यावर माझं सगळं आयुष्य ठरलं, ते माझ्या लेखी एवढं किरकोळ होतं.

समारोपाला सभागृह भरलं होतं. संचालकांनी विचारलं, सर्वांत जुन्या दात्यांपैकी तुम्ही, दोन शब्द बोलाल का. त्यांना नाही म्हणता आलं असतं. मी उठले. मी म्हणाले, ‘मी दान केलेलं नाही. मला न विचारता घेतलं.’ मग खाली न बसता तशीच उभी राहिले. बसचालकांची बायको येऊन माझ्याशेजारी उभी राहिली.

नंतर संचालक आणि डॉक्टर दोघे भेटले. त्या सर्जनची सगळी पानं ते आता तपासणार आहेत. सर्जन गेले, बाबा गेले. काय घडलं ते सांगू शकणारं एकच माणूस जिवंत आहे. त्यांना तुझं लेखी निवेदन हवंय, सहीनिशी. मी म्हटलं, विचारते. तेव्हा मी तुला विचारतेय. विचारण्याची पद्धत आपल्या घरात निदान आतापासून सुरू होऊ दे.

ठरल्याप्रमाणे तुमच्याकडे चार दिवस येणार होते, ते येणार नाही. वहिनीला सांग, तिच्यावर माझा राग नाही. तुझ्यावर आहे की काय आहे, ते मला अजून कळत नाही.

मायेचं आज काही लिहवत नाही. पत्र पोचल्याचं कळव.

धाकटी

---

२५ नोव्हेंबर

धाकटे,

वर आशीर्वाद लिहिला होता. खोडला, म्हणून डाग दिसेल.

निवेदन लिहिलं. सात पानं झाली. काल स्वतः जाऊन संस्थेत दिलं आणि संचालकांसमोर सही केली. वहिनी बरोबर होती.

त्यात एक गोष्ट आहे, ती तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगायला हवी. हॉस्पिटलात तुझ्या शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती, शिवणकाम शिकणारी. लांब केसांची. तुम्ही दोघी एकमेकींच्या वेण्या घालायचात. तिचीही किडनी नासली म्हणून काढली होती. तिचे काका माझ्या वॉर्डात होते. बाबा आणि ते काका व्हरांड्यात बोलताना मी ऐकलं. तिची किडनी त्यांनाच बसवली होती आणि तिलाही सांगितलेलं नव्हतं. मला ते तेव्हापासून माहीत आहे, आणि तिच्याबाबत कुणाला दिलेलं वचनही नव्हतं.

वहीत तिचं नाव आधीच निघालं होतं. संस्थेने तिला शोधलंही होतं. ती जिवंत आहे, नदीपलीकडच्या गावात शिवणाचं दुकान चालवते, एकटी राहते. काही ऐकायला तयार असाल तर कुणी येऊन भेटेल, असं संस्थेने विचारल्यावर ती हो म्हणाली. मी जातो असं मी सांगितलं. संस्थेतले आधी नको म्हणाले, मग तिला विचारून हो म्हणाले.

शनिवारी जाणार आहे. तू बरोबर येशील का, हे विचारायला धीर होत नाही. पण आता न विचारता काही करायचं नाही, म्हणून विचारतो. येशील का? नाही म्हणालीस तर ते नाहीच समजेन, आणि एकटा जाईन.

गाडी सव्वानऊची आहे. मी नऊपासून फलाटावर असेन.

तुझा भाऊ