लोपेतीचं पथ्य

ऑकलंड,
३ जून २०११

चि. लोपेतीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुमच्या चर्चची गायक मंडळी टोंगातल्या आपल्या वावाऊ बेटावरून निघाल्याचं कालोलाइने म्हणाली. माझी लेक सगळ्या बातम्या माझ्याआधी मिळवते. फोनवर मी काही बोलायला लागले की तू नुसता हसतोस, म्हणून ब्रिस्बेनच्या पत्त्यावर लिहून कळवते.

इस्पितळातल्या बाईंनी पुन्हा बजावलंय. तुझं रक्त माझ्याशी जुळलं म्हणजे काम झालं असं नाही. अठरा जुलैला तुझी इथे पुढची तपासणी आहे. त्या दिवशी वजन एकशे दहा किलोच्या आत हवं आणि रक्तातली साखर उतरलेली हवी, तरच तुझं मूत्रपिंड काढून मला द्यायचा विचार होईल. निघताना तू एकशे सतरा होतास. पुढे सहा आठवडे दौरा, गावोगावच्या आपल्या मंडळींची जेवणावळ, आणि तू गाण्याचा मास्तर, म्हणजे पहिलं पान तुझं. कंद, अळकुड्या, कसावा, भात, पाव, सरबत, यातलं काही चालणार नाही. झेपणार नसेल तर आत्ताच सांग. आठवड्यातून तीन दिवस रक्त गाळणाऱ्या मशीनला बांधून घ्यायची मला सवय झालीय.

आणि हे कुणाजवळ बोलू नकोस. मला कुणाची कीव नकोय.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी थोरली बहीण,
सेइनी


ब्रिस्बेन,
१२ जून २०११

ती. सेइनीताईस,

लोपेतीचा सा. न. वि. वि. झेपतंय. भाजलेलं डुक्कर, मासळी आणि अळूच्या पानांत नारळाचं दूध घालून शिजवलेलं मांस, एवढ्याला तुझ्या बाईंची हरकत नाही, त्यामुळे उपाशी मरत नाहीय. पानात कंद पडला की मी तो हळूच शेजारच्या फिनाऊच्या पानात सरकवतो. फिनाऊ आमचा खर्जातला गायक. माझं जेवढं उतरतंय तेवढं त्याचं चढतंय. परत गेल्यावर त्याची बायको मला गावात राहू देईल असं वाटत नाही.

बाहेर खायचं झालं की मात्र हाल होतात. परवा रस्त्यावरच्या दुकानात बर्गर मागितला आणि पाव नको म्हणालो. काउंटरवरच्या मुलीने दोनदा विचारलं, मग आतून मॅनेजरला बोलावून आणलं. शेवटी मांस एका डब्यात मिळालं आणि पाव वेगळा बांधून हातात दिला, पैसे भरलेत ना म्हणून. तो पाव मांडीवर घेऊन मी बसमध्ये दोन तास बसलो. गरम होता गं. उतरल्यावर एका म्हाताऱ्याला देऊन टाकला. तळलेली मासळी घेतली तर वरचं पिठाचं कवच सोलतो. मोटेलच्या खोलीत चहाच्या किटलीत अंडी उकडतो आणि वास जावा म्हणून खिडकी उघडून थंडीत बसतो.

पहिले काही दिवस तालाची काठी धरवत नव्हती. मग मशीनच्या सुया टोचून फुगलेली तुझ्या हातावरची ती शीर डोळ्यांपुढे आणायचो. वजन एकशे चौदा.

पायांवर डोकं ठेवतो, लोभ मोठा आहे तो तसाच राहू दे.
तुझा धाकटा,
लोपेती


सिडनी,
२७ जून २०११

ती. ताईस,

सा. न. वि. वि. काल माझ्या हातून एका म्हातारीचं मन दुखावलं. तुझ्या कानावर येईलच, म्हणून आधी मीच लिहितो.

इथल्या मंडळीत लूसेआने नावाची आपल्याच बेटावरची ऐंशी वर्षांची बाई आहे. तिने आम्हा वावाऊच्या पोरांसाठी तिकडून कंद मागवले होते. चांगले हातभर लांब, आपले वडील पहिल्या पिकातले तुझ्यासाठी राखून ठेवायचे तसे. उपासनेनंतर जेवायला बसलो, तर तिने काठी टेकत येऊन सगळ्यात मोठा कंद स्वतः सोलला आणि माझ्यासमोर ठेवला. पान सोडून गेली नाही, उभीच राहिली. फिनाऊकडे सरकवायला जागाच नव्हती. मी मांस खात राहिलो. ती वाट बघत राहिली. मग साऱ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाली की हा मास्तर गोरा झालाय, वावाऊच्या मातीतलं आता याच्या घशाखाली उतरत नाही.

डॉक्टरचं नाव घेतलं असतं तर पाच मिनिटांत तुझ्या आजाराचं सगळं बाहेर आलं असतं. मी उठून तिच्यापुढे गुडघे टेकले आणि माफी मागितली. ती म्हणाली की माफी नको, घास घे. मी घेतला नाही. तिने पान उचललं आणि तोंडाला रुमाल लावून गेली.

आमच्यासोबतचे पाद्रीबाबा बसमध्ये म्हणाले की एक घास पोटात गेला असता तर काय मरणार होतास? मेलबर्नला ते मला मानाच्या पंक्तीत बसवणार नाहीत. बस चालवणाऱ्यासोबत जेवायचं. ताई, खरंच एका घासाने काय झालं असतं? रात्रभर हाच हिशेब करतोय. पण एक घेतला असता तर मी दुसरा घेतला असता, हे मला माझ्यापुरतं माहीत आहे.

वजन एकशे बारा.

रागावली असशील तरी आठवण काढत जा.
लोपेती


ऑकलंड,
३ जुलै २०११

चि. लोपेतीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचायच्या आधीच बातमी इथे आली होती. बुधवारी चर्चच्या बायका चटई विणायला बसल्या आणि माझ्या देखत म्हणाल्या की सेइनीच्या भावाला मान पचत नाही. मी विणत राहिले. काल तुझं पत्र वाचलं आणि स्वतःची लाज वाटली. माझी झाकली मूठ राखायला तू भर मंडपात गुडघे टेकलेस.

आज रविवार. प्रार्थनेनंतर मी उभी राहिले. चार वर्षं मी तिथे मागच्या बाकावर बसते, हाताची पट्टी दिसू नये म्हणून लांब बाह्या घालते. आज बाही वर केली. सांगितलं की माझा भाऊ माझ्यासाठी पोट आवळून फिरतोय, आणि ज्यांना त्याला नावं ठेवायची असतील त्यांनी ती मला ठेवावीत. मग मागून कुणीतरी रडायला लागलं आणि मला फार राग आला, कारण मीही रडायला लागले होते.

पाद्रीबाबांना मी आजच फोन करतेय. तू बस चालवणाऱ्यासोबतच जेव, तो तुला कंद वाढायला येणार नाही.

जिवाला जप, मग बाकीच्यांवर माया कर.
सेइनी


ऑकलंड,
१९ जुलै २०११

ती. ताईस,

सा. न. वि. वि. एकाच शहरात असून पत्र लिहितोय. बहिणीसमोर बसून शरीराचं बोलायची आपल्यात रीत नाही, आणि काल इस्पितळाच्या दारात तू विचारलंस तेव्हा मी मान खाली घालून चालू लागलो. कालोलाइनेच्या हाती हे देतोय.

लूसेआनेबाईंनी मेलबर्नला निरोप पाठवला होता की पोराला सांगा, म्हातारी चुकली. त्या दिवसापासून मी हलका झालो होतो. काल वजन एकशे नऊ भरलं. साखर उतरली. बाईंनी टाळी दिली. मग पोटाचं चित्र काढायला आत नेलं. चित्र काढणारा बराच वेळ एकाच बाजूला यंत्र फिरवत राहिला, मग मोठ्या डॉक्टरांना बोलावलं.

मला एकच मूत्रपिंड आहे, ताई. जन्मापासून एकच. एक्कावन्न वर्षं मला कुणी सांगितलं नाही, कारण आमच्याकडे असं आत कुणी बघितलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले की ते मोठं आहे, चांगलं आहे, पण देता येणार नाही.

तुला द्यायला माझ्याकडे काहीच निघालं नाही. क्षमा कर.

लोपेती


ऑकलंड,
२० जुलै २०११

चि. लोपेतीस,

अनेक आशीर्वाद. आज मशीनचा दिवस आहे, इथेच खुर्चीत बसून लिहितेय, उजवा हात मोकळा असतो.

क्षमा कसली मागतोस? रडायचं ते काल रात्री रडून झालं. सकाळी बाईंना एकच विचारलं की माझा भाऊ पूर्वीसारखा खात राहिला असता तर काय झालं असतं. त्या म्हणाल्या की त्या साखरेने दहा वर्षांत त्याची खुर्ची तुमच्या शेजारी लागली असती. मी शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. तिथे तुझ्याच वयाचा एक टोंगन माणूस झोपला होता, तोंड उघडं, पाय ब्लँकेटबाहेर, एक पाय घोट्यापासून नसलेला.

गावी गेलास की लोक म्हणतील, तपासणी झाली, आता जेव. फूसीसुद्धा म्हणेल, तुझी बायकोच ती. त्यांना सांग की बहिणीने मना केलंय. आपल्यात बहिणीच्या शब्दापुढे भाऊ बोलत नाही, आणि मी तो शब्द आजवर एकदाही टाकलेला नाही. आज टाकतेय. जन्मभरासाठी.

माझी काळजी करू नकोस. मला सांभाळायला हे यंत्र आहे, दोन नर्सा आहेत, कालोलाइने आहे. तुझ्या त्या एकट्या मूत्रपिंडाला तुझ्याशिवाय कुणी नाही.

सेइनी