अनुजाच्या लग्नापर्यंत रोज एक वाक्प्रचार

२ नोव्हेंबर, रविवार
अनुजाच्या होणाऱ्या सासरची मंडळी चहाला येऊन गेली. दादरची माणसं, तीन पिढ्या वकील. लालबागची आमची एक खोली बघून नाकं मुरडतील असं वाटलं होतं. नाही मुरडली. चहात साखर कमी म्हणून व्याही मनमोहनराव कुरकुरले, तर विहीणबाई सुनंदाताई अगदी सहज म्हणाल्या, ही इज सच अ ड्रामा क्वीन. सगळे हसले. मनमोहनरावही हसले. मी सगळ्यांत शेवटी हसलो, कारण अर्थ जरा उशिरा कळला.

याला म्हणतात कल्चर. आमच्याकडे चहावरून कुरकूर झाली असती तर दोन दिवस अबोला.

लग्न १४ डिसेंबरला. कन्यादान मी आणि शांता करणार. एकुलती एक पोर आहे. त्या दिवशी मांडवात मी त्यांच्या लेव्हलचा दिसलोच पाहिजे. संकल्प: रोज एक इंग्रजी वाक्प्रचार. आणि नुसता पाठ नाही, वापरायचा.

३ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
मोबाइलवर ॲप घेतलं. धडा एक ते आठ म्हणजे हवामान, बाजारहाट वगैरे. सोडले. थेट नववा उघडला: ‘अतिरंजित आणि नाटकी वागण्याविषयी’. आमच्या चाळीत हाच लागणार.

४ नोव्हेंबर
शांता म्हणाली गुडघा ठणकतोय, पाणी तुम्ही भरा. मी म्हणालो, डोन्ट मेक अ सीन. ती म्हणाली सीन गेला खड्ड्यात, बादली उचला. उचलली. पण उच्चार फर्स्टक्लास झाला.

७ नोव्हेंबर
शिवडीच्या गोदामात मी एकतीस वर्षं टाइमकीपर आहे, पण आजच्यासारखा वट कधी पडला नाही. एक ड्रायव्हर गयावया करत होता, मुलाला डेंग्यू झालाय, रजा हवी. मी शांतपणे म्हणालो, स्टॉर्म इन अ टीकप. तो म्हणाला साहेब चहा नको, रजा द्या. दिली. प्रगती आहे.

८ आणि ९ नोव्हेंबर
खाडा. डोळे चुरचुरत होते.

११ नोव्हेंबर
शेजारच्या गंगुबाईंचा भाऊ वारला. बाईंनी हंबरडा फोडला. अख्खा मजला दारात जमला. मी सांत्वनाला गेलो आणि हलक्या आवाजात म्हणालो, प्लेइंग टू द गॅलरी (ॲपमधला अर्थ: बघ्यांसाठी नाटक करणं). त्यांची सून रुचा बँकेत आहे. ती उठली आणि म्हणाली, काका, तुम्ही घरी जा. आता मला नेमकं घरी जायला सांगण्यासारखं काय झालं? चांगला वाक्प्रचार ऐकून घ्यायची सवयच नाही या लोकांना. शांताने दिवसभर तोंड फिरवलं. गुडघ्यामुळे असेल.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ
अनुजा कपाटासमोर साड्या लावत बसली होती. एकदम रडायलाच लागली. म्हणाली, मी गेल्यावर आईचं कसं होणार, आणि बाबा, तुमचं कसं होणार, तुम्हाला तर स्वतःचा रुमालही सापडत नाही.

खरं सांगतो, मीही उठून तिच्याजवळ गेलो. हात तिच्या डोक्याकडे निघालासुद्धा होता. पण म्हटलं, अशा वेळी सुनंदाताई काय करतील? म्हणालो, ड्रामा क्वीन! वाटलं, हसेल. ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून बसली. शांता म्हणाली, अहो, माणसासारखं बोलता येत नाही का तुम्हाला? शांताला ह्यूमर कळत नाही. अनुजा जेवली नाही. लग्नाआधी मुली डाएट करतात.

२१ नोव्हेंबर
गावाहून नाना आणि काकी आले. नाना माझे चुलते. बाबा वारले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. नानांनी गिरणीत डबल पाळ्या मारून मला याच खोलीत वाढवलं आणि खोली माझ्यावर सोडून गावी गेले. माणूस देवच, त्याबद्दल वाद नाही. पण परवा साखरपुड्यात ते गाऱ्हाणं घालणार. आम्ही घाडीगावकर, गावच्या देवळात गाऱ्हाण्याचा मान आमचाच. म्हणजे देवासमोर हात जोडून घरातलं सगळं मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला व्हय म्हाराजा म्हणायचं. दादरच्या वकिलांसमोर हे! मी सुचवलं, नाना, शॉर्टमध्ये घ्या. नाना म्हणाले, देवाक खंय घाई आसा?

२३ नोव्हेंबर, साखरपुडा
नानांनी नारळ ठेवला, डोळे मिटले. बा देवा म्हाराजा, आमची अनुजा परक्या घराक जाता हा, तिका सांभाळ. व्हय म्हाराजा. इथवर ठीक. मग एकदम: तिचो बापूस पोरको वाढलो, त्येका बोलूक जमना नाय, पण पोरीवर त्येचो जीव आसा, त्येची लाज राख. नानांच्या गालांवर पाणी. सगळ्यांसमोर मी पोरका! सुनंदाताईंनी रुमाल तोंडाला लावला. मला वाटलं, हसू दाबतायत. परिस्थिती सावरायला हवी होती. मी त्यांच्याकडे वळून हसत म्हणालो, टोटली ओव्हर द टॉप, नो? क्रोकोडाइल टिअर्स.

सुनंदाताई रडत होत्या.

गाऱ्हाणं मध्ये तुटत नाही म्हणतात. तुटलं. नानांनी माझ्याकडे बोट करून जावई अभिषेकला विचारलं, दगडू काय म्हणालो? अभिषेक बुटांकडे बघत राहिला. मग अनुजानेच सांगितलं, मालवणीत, शब्दाला शब्द. नाना नारळाला हात लावून पुटपुटले, तिका सांभाळ, आणि खाली बसले. व्हय म्हाराजा म्हणायला कोणालाच सुचलं नाही.

एकूण कार्यक्रम आटोपशीर झाला.

२४ नोव्हेंबर, सकाळी ७
नाना-काकी चहा न घेता गावी गेले. मी म्हटलं थांबा, तर नाना म्हणाले, गुरां आसत घराक. आता गुरं काय पहिल्यांदाच एकटी आहेत? धडा नऊ, वाक्प्रचार बावीस: प्रिमा डोना, म्हणजे ऊठसूट रुसून बसणारं माणूस. पण शांताचा चेहरा बघून वापरला नाही. हा माझा समजूतदारपणा कोणाच्या लक्षात येत नाही.

३० नोव्हेंबर
अनुजा आणि अभिषेक दोघंच गावी जाऊन आले. मला विचारलं नाही. सरप्राइज असेल.

५ डिसेंबर
सरप्राइज कळलं. अनुजा समोर बसली, आवाज अजिबात न चढवता म्हणाली, बाबा, कन्यादान नाना आणि काकी करतील. ज्यांना माझं रडणं नाटक वाटतं, त्यांनी माझं दान कशाला करायचं? मी शांताकडे बघितलं. ती म्हणाली, माझाही मान गेला, तुमच्यापायी. पण पोर खोटं बोलत नाही.

ही प्रेशर टॅक्टिक आहे. मागे घेईल. बापच तो शेवटी.

१० डिसेंबर
मागे घेतलेलं नाही. नानांसाठी सोवळं आणलंय. कपाटात वरच दिसतं. ॲप म्हणतं, धडा नऊ पूर्ण, अभिनंदन.

१३ डिसेंबर
माफी मागायचं ठरवलं. मनात चार वाक्यं जुळवली. नाना आल्याबरोबर सांगायचं होतं. त्यांनीच आधी पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, जेवलंस? हो म्हणालो. चारही वाक्यं राहिली. उद्या नक्की.

१४ डिसेंबर
मला अक्षता वाटायचं काम दिलं. जबाबदारीचं काम आहे, कोणी सुटता कामा नये. नाना-काकींनी कन्यादान केलं तेव्हा मी खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत होतो, ताट घेऊन. गर्दीमुळे अनुजाचा फक्त हात दिसला. नानांच्या हातात होता.

निघताना ती सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. शांताच्या, काकीच्या, गंगुबाईंच्यासुद्धा. नानांना तर सोडेचना. मग माझ्यापुढे आली, वाकून नमस्कार केला आणि तशीच उभी राहिली. थांबली होती माझ्यासाठी. मला कळत होतं. पोरी, माझं चुकलं, तुझ्याशिवाय घर खायला उठेल, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि ऑल द बेस्ट म्हणालो.

ती थँक्यू म्हणाली आणि गाडीत बसली.