पट्टा क्रमांक सहा

मी, कर्स्टन ओडेगार्ड, वय ४७, धंदा सोफे-खुर्च्यांची आवरणं शिवणं, राहणार ब्रॅनॉक फॉल्स, साउथ डकोटा, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहीत आहे. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. मला काळजी नाही, नोंद हवी आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. डायऱ्या तेवीस आहेत, पण त्यांना कायदा विचारत नाही.

१. राहतं घर भाची इंग्रिड हिला. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. तळघरातली खोली रिकामी ठेवू नये. आमचा फुटबॉल संघ, थ्रेशर्स, २००० ते २०१५ खेळला; छताखालचा, चेंडू हातात घेऊन धावायचा फुटबॉल. त्या काळात त्यातले अकरा खेळाडू तिथे राहून गेले. दाराच्या चौकटीवरचा खळगा बुजवू नये. तो बचावफळीतल्या एका सव्वातीनशे पौंडी मुलाच्या कपाळाचा आहे. कपाळाला काही झालं नव्हतं.

२. शिलाईयंत्र, कात्र्या, दाभण लॅवॉन टिब्स याला. तो मिसिसिपीहून एका हंगामासाठी संघात खेळायला आला आणि इथेच राहिला. आता शाळेत व्यायाम शिकवतो. त्याला सरळ टीप घालता येत नाही, शिकेल.

३. भाऊ कर्टिस याला माझी पिकअप गाडी. अट एक. "हॉकीच्या बर्फावर फळ्या टाकायच्या, वर सतरंजी अंथरायची आणि त्याला फुटबॉल म्हणायचं? त्यापेक्षा सर्कस बरी," असं तो सोळा वर्षं म्हणत आला आणि सामन्याला एकदाही फिरकला नाही. पुढच्या वसंतात नवा संघ उभा राहतो आहे. कर्टिसने पहिल्या सामन्याला माझ्या खुर्चीत, रांग तीन, क्रमांक चौदा, मध्यंतरापर्यंत बसावं. उठला तर गाडी इंग्रिडची. हे सूडाने लिहिते आहे का, असं मी स्वतःला विचारलं. थोडंसं.

४. मैदानाभोवतीच्या भिंतीच्या चौऱ्याऐंशी गाद्या मी शिवल्या. माणसं त्यांच्यावर आदळली, त्यांच्यावरून थेट लोकांच्या मक्याच्या लाह्यांत पडली, पण एकही टीप उसवली नाही. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. तीस हजार वस्तीच्या गावाने सोळा हंगाम व्यावसायिक संघ पोसला, आणि २००८ साली अजिंक्यपदाचा चषक आणला. गाद्या नव्या संघाला.

५. हिरवा गालिचा, म्हणजे आमचं मैदान, संघ बंद झाला तेव्हा माझ्याकडे आला. तोही नव्या संघाला. पण त्याआधी हे वाचावं.

गालिचा आडव्या पट्ट्यांचा आहे. पट्टे क्रमाने अंथरून कडेला कड चिकटवायची, हे काम माझ्या हाताखालच्या टोळीचं. २००८ च्या अंतिम सामन्याच्या सकाळी पट्टा क्रमांक सहाची एक कड सडलेली निघाली. त्याची गुंडाळी गोदामाच्या ओल्या जमिनीवर उभी राहिली होती. कड चिकटेना. मी ती वीतभर कापली, सरळ केली, पट्टा बसवला. कोणाला सांगितलं नाही. पन्नास यार्डांचं मैदान त्या दिवशी वीतभर कमी होतं.

शेवटचे चार सेकंद उरले होते आणि आम्ही चार गुणांनी मागे होतो. लॅवॉनने शेवटच्या रेषेपासून बारा यार्डांवर झेल घेतला, तिघांना अंगावर घेऊन पट्टा सहा ओलांडला आणि पडता पडता हात लांबवला. चेंडू रेषेपलीकडे गेला तो चार बोटं. टचडाउन, म्हणजे सहा गुण, आणि चषक आमचा.

पाहुण्या संघाचा प्रशिक्षक व्हर्न पास्किल ओरडला, "यांचं मैदान आखूड आहे! माझ्या पायांना कळतं!" सगळे हसले.

जुलैत मी पट्ट्याला नवा तुकडा जोडला. पुढच्या वसंतात व्हर्न मोजपट्टी घेऊन आला, त्याने गुडघ्यांवर रांगत मैदान मोजलं. पुरते पन्नास यार्ड. तेव्हापासून तो 'आखूड व्हर्न' झाला. त्याचा संघ आला की आमचे लोक मोजपट्ट्या फडकवायचे. "व्हर्नकाका, आज पाय काय म्हणतात?" एका वर्षी मीही फडकवली. ती तारीख डायरीत आहे.

गेल्या रविवारी मी हे लॅवॉनला सांगितलं. चषकाच्या पाटीवर त्याचं नाव आहे, म्हणून आधी त्याला.

तो म्हणाला, "ताई, तीन माणसं लटकली होती ना मला?"

"होती."

"ती पण कापली होतीस का?"

"चेष्टा नको, लॅवॉन."

"मग लिहू नकोस. कशाला उकरतेस?" दारापर्यंत गेला आणि परत आला. "नाही, लिही. त्या म्हाताऱ्याला मीसुद्धा खूप चिडवलंय."

तेव्हा अट अशी: पट्टा सहा होता त्याच जागी अंथरावा. मागच्या बाजूला तपकिरी दोऱ्याची माझी टीप आहे. ती ज्याला बघायची त्याला दाखवावी. पहिल्या सामन्याआधी हे कलम ध्वनिक्षेपकावरून वाचावं. 'माझ्या मृत्यूनंतर' असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं आहे. मेल्यावर कबुली देणं फार सोपं. झडप चालली तर मीच वाचेन. पाटी काढायची की ठेवायची, हे ठरवायचा अधिकार मला नाही.

६. व्हर्न पास्किल याला मी काहीही ठेवत नाही. हे विसरून नव्हे. ज्याला लाभ होतो त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या, आणि या कागदाला मला त्याचीच साक्ष हवी आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही. त्याने मात्र सहीआधी कलम पाच वाचावं, ही विनंती. तो नाही म्हणाला तरी माझी तक्रार नाही.

सही: कर्स्टन ओडेगार्ड
ब्रॅनॉक फॉल्स, ९ सप्टेंबर २०२५

आम्हा दोघांसमोर कर्स्टन ओडेगार्ड यांनी सही केली.

साक्षीदार १: आर्लेट बोन, शेजारीण.

साक्षीदार २: व्हर्न पास्किल, वय ७१. कलम पाच दोनदा वाचलं. चारपैकी पहिल्या आणि तिसऱ्या सत्रात ते आखूड टोक आमच्या वाट्याला होतं, आणि आम्ही तिथेच दोन टचडाउन केले. तेव्हा माझ्या पायांनी तक्रार केली नव्हती, हेही ध्वनिक्षेपकावरून वाचा. पाटी राहू द्या. मैदान आखूड होतं. झेल पुरता होता.