टोलेबाजाला जागा हवी

६ जुलै, रविवार
इथल्या मराठी मंडळाच्या सॉफ्टबॉल टीममध्ये सिलेक्शन झालं. अकरा जण हवे होते, अकराच आले. तरी सिलेक्शन ते सिलेक्शन. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलच, फक्त चेंडू मोठा. प्रॅक्टिसमध्ये माझा टोला थेट शेजारच्या टेनिस कोर्टात. कॅप्टन सावनी म्हणाली, काका, हा फाउल. रेषेबाहेर गेला म्हणून काय लांब गेला नाही? शिवाय मी सेहेचाळीसचा. काका कशाला?

अनया २२ ऑगस्टला कॉलेजसाठी ॲन आर्बरला जाते आहे. त्याआधी लेकीने बापाचा एक तरी खणखणीत टोला बघायचाच.

१३ जुलै
फील्डिंगला थर्ड बेसवर उभं केलं. चेंडू दोनदा पायांमधून गेला. पहिल्यांदा सूर्य डोळ्यांवर होता. दुसऱ्यांदा सूर्य मागे होता, पण मनात पहिला चेंडू होता. उद्यापासून रोज पहाटे पाचला कॅचिंग प्रॅक्टिस. नक्की.

१४ जुलै, सकाळी ८.४०
आत्ता उठलो. झोप हाही ट्रेनिंगचाच भाग.

२० जुलै
फर्स्ट बेस. टोला मारणारा धावत इथेच येतो, त्याच्याआधी चेंडू पोचला की तो आउट; म्हणून सगळे आपल्याच अंगावर फेकतात, हे आधी कुणी सांगितलं नाही. एक छातीवर घेतला. टीममधल्या यतीनने विचारलं, काका, ग्लव्ह घातलाय ना? आम्ही नागपुरात नुसत्या हातांनी कॅच घेतले. ग्लव्हच मध्ये येतो.

२ ऑगस्ट
सावनीने एक्सेल शीट पाठवली. म्हणे, मी बॅटने एक रन मिळवतो तेवढ्यात फील्डिंगमध्ये तीन घालवतो. मी माझी वेगळी शीट केली. त्यात 'पोटेन्शियल' असा कॉलम टाकल्यावर टीममध्ये पहिला आलो. तिला लगेच पाठवली. उत्तरादाखल नुसता अंगठा आला.

१० ऑगस्ट
अमेयला ताप, म्हणून थर्ड बेसला माझ्या बायकोला उभं केलं. नेत्राने जन्मात ग्लव्ह घातला नव्हता. आलेला प्रत्येक चेंडू पकडला. नवखेपणाचं नशीब, दुसरं काय! नंतर सावनीने मला बाजूला घेऊन सांगितलं, काका, तुम्ही यापुढे फक्त बॅटिंग करा, फील्डिंगच्या वेळी बाकावर बसा. मोठ्या टीम्समध्ये असा खास माणूस ठेवतात. शेवटी माझी किंमत कळली! नेत्रा म्हणाली, बरं झालं, पाण्याच्या कूलरकडे लक्ष राहील.

येताना अनयाच्या होस्टेलसाठी फ्रिज घेतला. तिने छोटा सांगितला होता. मी मोठा आणला. छोटं काही मला जमतच नाही.

१७ ऑगस्ट
फायनल. अनया आली! फोन बॅगेत टाकून बसली होती.

शेवटची इनिंग, दोन आउट, एका रनने मागे, नेत्रा धावत थर्ड बेसपर्यंत पोचलेली. मी मारला. असा लागला की हाताला कळलंसुद्धा नाही. चेंडू टप्पा खाऊन कुंपणावर आदळला. चौकार! चौकाराला कोण धावतं? मी बॅट उंच करून अनयाला दाखवली. नेत्रा होम प्लेटवर, म्हणजे माझ्या शेजारी, येऊन ओरडत होती; मला वाटलं, आनंदाने. तेवढ्यात चेंडू फर्स्ट बेसला पोचला. मी अजून जागेवरच. आउट. तिसरा आउट असा, म्हणून नेत्राची रनही धरली नाही. हरलो.

घरी येताना गाडी मीच चालवली. घराशी वळताना अनया हळूच म्हणाली, डॅड, यू हॅव टु रन.

२२ ऑगस्ट
गाडी भरली. फ्रिज मागच्या सीटवर ठेवावा लागला, म्हणजे माझ्या जागेवर. दुसरीकडे मावेना. नेत्रा म्हणाली, अकरा तासांचं तर ड्राइव्ह आहे, मी सोडून येते, तू राहा. अनयाने मिठी मारली. म्हणाली, इट्स ओके, डॅड. गाडी निघाली तेव्हा मी ड्राइव्हवेवर उभा राहून हात हलवला. रडलो नाही. व्यवस्थित पार पडलं असं वाटलं.

आत आलो तर ओट्यावर चकल्यांचा डबा. तिच्या हातात द्यायचा म्हणून मीच वेगळा काढून ठेवला होता.

धावलो. डबा घेऊन, चपला न घालता, पार कोपऱ्यापर्यंत. रस्ता रिकामा होता. परत येऊन फोन केला. नेत्रा म्हणाली, हायवेला लागलो रे, आता राहू दे. मागून अनयाने विचारलं, व्हॉट हॅपन्ड? नेत्रा म्हणाली, नथिंग.

पायरीवर बसलो आहे. धाप अजून थांबलेली नाही. उद्यापासून रोज पहाटे पाचला धावायचं, असं लिहिणार होतो. पण आता बघायला घरात कोण आहे.