रडवणारा आवाज

काशीद, शनिवार, १९३३

लिहायचं रोज टाळतोय, आज टाळवत नाही. सिनेमात पडदे रंगवले, बायकांची कामंही केली. पण खरं काम ओरडायचं. मुक्या चित्रात कॅमेरा फिरताना नटांना ‘आता हसा, आता रडा’ सांगायचो. बोलपट आला आणि तोंड बंद.

आज इथल्या शूटिंगला आमच्या नायिकेला, चंपाबाईंना, रडूच येईना. सवयीनं ओरडलो, "रडा ना, बाई!" ढसाढसा रडल्या. पण माझा आवाज चित्रात शिरला. डायरेक्टर भडकले, "उद्या रेवसहून बोट पकड, घरी जा!" बोचकं बांधून बसलोय.

चुकलो का? रडल्या तर खऱ्या! आणि घरी काय, बाबांचं मिठागर? मला ते जमतं कुठं... पण रडल्या तर खऱ्याच.

अरे, दारात चंपाबाईच! म्हणतात, "बोचकं सोड, मेल्या. तू गेलास तर मला रडवणार कोण?"