योकानचा डबा परत

हिमी, २ फेब्रुवारी

किसाकोताई,

पत्राच्या सुरुवातीला थंडीची, बर्फाची विचारपूस करावी, हे तूच मला शिकवलंस. आज करणार नाही. बर्फ तुझ्याही दारात पडतोय, बघून घे.

तू कुरियरने पाठवलेला योकानच्या गोड वड्यांचा डबा पोचला. याच पत्रासोबत परत पाठवते आहे, फडक्याची गाठसुद्धा सोडलेली नाही. चूक झाली की चांगला जड, गोडाचा डबा घेऊन दारात जायचं आणि मान खाली घालायची, ही आपल्याकडची रीत. तू डबा धाडलास आणि मान घरी ठेवलीस. शिवाय रक्तातली साखर संपून जे पोर मरता मरता वाचलं, त्याच्या घरी गोड! दुकानात उभी असताना तुला काहीच कसं वाटलं नाही?

शुमाला परवा घरी आणलं. जेवतो, हसतो. बाकी ठीक.

फोनवर तुला ऐकायचं नव्हतं, म्हणून लिहून सांगते. त्या सकाळी मी हाक मारली तर तो उठला नाही. अडीच वर्षांचं पोर, आदल्या दिवशी कणकण होती म्हणून न जेवताच झोपलेलं. अंग ओल्या फडक्यासारखं पडलं होतं. रुग्णवाहिकेत झटके सुरू झाले. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी आधी हेच विचारलं, "कुठलं अँटिबायोटिक चालू आहे? कधीपासून?" मी म्हटलं, शरदात पानं लाल व्हायला लागली तेव्हापासून. मग त्यांनी समजावलं. या जातीचं औषध लांबलं की शरीरातलं कार्निटिन लघवीवाटे निघून जातं. ते नसलं की उपाशीपोटी लहान मुलाला चरबीतून ताकद काढता येत नाही. होती नव्हती ती साखर संपते आणि मेंदू उपाशी राहतो.

कान-नाक-घशाचे डॉक्टर घरातच, म्हणून मी दुसरीकडे कधी गेलेच नाही. नाक वाहतंय तोवर पाळणाघर घेईना, मला रजा मिळेना, आणि दाजी दर खेपेला तीच अँटिबायोटिकची नारिंगी पूड देत राहिले. कडू लागते म्हणून चॉकलेट आइस्क्रीममध्ये कालवायची युक्ती तुझीच. एकदा मी दवाखान्यात तुझ्या नोंदणीच्या खिडकीशी येऊन विचारलंही होतं, "एवढे महिने चालतं का गं हे?" तू वाकून काय म्हणालीस?

"हळू बोल! बाकीचे ऐकतायत. घरचंच माणूस शंका घ्यायला लागलं तर ह्यांनी तोंड कुठे दाखवायचं?"

आणि मी वाकून माफी मागितली. मी! आई गेल्यावर तू मला पाठीला बांधून वाढवलंस, म्हणून तुझा शब्द मी आईचा शब्द मानत आले. त्याच तोंडाने परवा फोनवर काय बोललीस ते आठव. मला धीर द्यायला निघालीस आणि बोलून बसलीस:

"अगं, आमचा गाकू नाही का उन्हाळ्यात असाच लोळागोळा झाला होता? साखरपाणी पाजलं, उठून बसला. ह्यांना शंका आली, लगेच पूड बंद केली. मुलं दणकट असतात गं."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. स्वतःच्या नातवाची पूड उन्हाळ्यात बंद केलीत, आणि थंडी पडायच्या आत माझ्या मुलाला सुरू केलीत. मी विचारलं तेव्हा मला गप्प बसवलंस. त्यावर पुन्हा आवाज खाली आणून म्हणालीस, "इस्पितळाने वर कळवायचं म्हटलं, तर दवाखान्याचं नाव नको हं. सासऱ्यांच्या वेळेपासूनचं नाव आहे."

नाव मी सांगून आले आहे.

दाजींना सांग, ती पूड चालू असलेल्या प्रत्येक मुलाच्या आईला उद्या संध्याकाळच्या आत त्यांनी स्वतः फोन करावा. परवा सकाळी मी पाळणाघराच्या दारात उभी राहून एकेकीला विचारणार आहे. जिला फोन गेला नसेल तिला मी सांगेन, आणि गाकूचंही सांगेन. हळू बोलणार नाही.

उद्या भुतांना दाणे मारून घराबाहेर हाकलायचा दिवस. दर वर्षी तू लाल मुखवटा घालून आमच्याकडे भूत व्हायला येतेस. या वर्षी येऊ नकोस. मुखवट्याची गरज उरलेली नाही.

आणि वर 'बाकी ठीक' लिहिलं ते खोटं आहे. शुमाचा उजवा हात वर जात नाही. पुढे जाईल की नाही, डॉक्टरबाई सांगत नाहीत. आज त्या मुठीत मी सोयाबीनचे दाणे ठेवून पाहिले. एकेक करून सगळे गळून पडले. तो दाण्यांकडे बघत राहिला, मग दाराकडे पाहून "मावशी?" म्हणाला. दाणे दिसले की त्याला अजून तूच आठवतेस.

खाली 'तुझी धाकटी बहीण' लिहायला माझाही हात उचलत नाही.

शुमाची आई,
तोमोए