गुलाबाच्या काडीतला गाभा

ती. आईस, लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. काचघरात ऊब असते, जेवण वेळेवर मिळतं. तुझे गुडघे काय म्हणतात? बाबा काठी घेऊन फिरतात ना, की अजून रुसवाच आहे तिच्यावर?

दिवसभर गुलाबाच्या काड्या कापते. आमच्या मुकादमबाई सांगतात, काडीच्या मधोमध जो मऊ पांढरा गाभा असतो ना, ती तिची शिदोरी. पाणी आणि अन्न त्यात साठवलेलं असतं. मुळं फुटेपर्यंत काडी त्याच्या जोरावर तग धरते.

काल कोपऱ्यातल्या रांगेत एक काडी कापली, तर आत गाभाच नाही. नुसता भुसा आणि एक अळी. वर पानं मात्र टवटवीत. बाईंनी अख्खी रांग उपटायला लावली. कीड आली कुठून, याचा आता शोध चाललाय.

आई, निघताना तू दारच्या गुलाबाची काडी ओल्या फडक्यात बांधून दिली होतीस. इथे बाहेरचं रोप आणायला सक्त मनाई आहे. मी ती त्याच कोपऱ्यात लावली होती. हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

दारच्या गुलाबाची एक फांदी कापून बघ. आमची येणारी पत्रं आधी बाई उघडतात, म्हणून गुलाबाचं नाव काढू नकोस. गाभा पांढरा असेल तर बाबा ठणठणीत आहेत असं लिही. पोखरलेला निघाला तर बाबांना सर्दी झालीय म्हण.

खरंच सर्दी झाली असेल, तर मात्र कळवू नकोस.

तुझी थोरली